सॅडल स्टेचे ५,८०० वाया: क्लासिक ३५० घेऊन अलिबाग ते रेडी

पाच हजार आठशे रुपयांचं लोखंड (सॅडल स्टे, म्हणजे मागे दोन बाजूंना बॅगा लावायची पाइपची चौकट) बुरोंडी आणि दाभोळच्या मधे मोडलं आणि गुहागरला दीडशे रुपयांत जोडून मिळालं. हा वृत्तांत मुख्यतः त्याबद्दल आहे. समुद्र, सुरूची बनं, नारळी-पोफळी यांचे फोटो सगळ्यांकडे असतात, ते मी टाकत बसत नाही. घरी येऊन एकच दिवस झालाय आणि उजवं मनगट अजून सुजलेलं आहे, तेव्हा भाषा जरा तिखट वाटली तर चालवून घ्या.

गाडी सेकंडहँड रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, २०२२चं मॉडेल, स्पोकची चाकं, ट्यूबवाले टायर. नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आहे तीच २० हजारांत कोकणात न्यायच्या लायकीची करायची असं ठरवलं. झाले १९,७००. त्यातले १३,१०० एकाच अॅक्सेसरीवाल्याने काढून घेतले: सॅडल स्टे ५,८००, हँडल रायझर (हँडल उंच करणारा तुकडा) १,९००, फॉग लाइटची जोडी ४,६०० आणि वर ‘फिटिंग’ ८००. उरलेल्या ६,६०० मधे मागचा टायर, सीटचं काम आणि पुढचे-मागचे ब्रेक पॅड झाले. सहा दिवसांनंतरचा हिशोब असा की हे ६,६०० वसूल झाले आणि ते १३,१०० जवळजवळ सगळे पाण्यात गेले.

रस्ता माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग कागदावर मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून आहे. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, पण खाड्यांवरचे पूल अजून सगळीकडे झालेले नाहीत, त्यामुळे चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालावी लागते. आगरदांडा–दिघी (राजपुरी खाडी), बागमांडला–वेसवी (सावित्री), दाभोळ–धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ–जयगड (शास्त्री). मुंबईची मंडळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरली तर सुरुवातीचा कंटाळवाणा हायवे वाचतो. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा. दाभोळची शेवटची फेरी चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला खेड-चिपळूण करून शंभरावर किलोमीटर पडतात. माझी ती जवळजवळ चुकलीच होती.

पहिले दोन दिवस, म्हणजे अलिबाग ते श्रीवर्धन आणि श्रीवर्धन ते हर्णै, मजेत गेले. दिघीला उतरल्यावर थोडे खड्डे, बाकी तक्रार नाही. पुढे चला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हर्णैला चहा पिताना दोन बुलेटवाल्यांनी सांगितलं, “दापोलीत कशाला शिरताय? कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला उतरा. मक्खन रस्ता.” आपण स्वतः पावसाळ्याआधी आलो होतो हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. लाडघरपर्यंत खरंच मक्खन. बुरोंडी सोडलं आणि डांबर संपलं. रुंदीकरणासाठी अर्धा रस्ता उकरून ठेवलेला, त्यावर मुठीएवढा गोटा पसरलेला. रोलर फिरलाच नव्हता. वरून तांबड्या मातीचा पीठासारखा थर, त्यामुळे खाली दगड आहे की खड्डा ते चाक गेल्याशिवाय कळायचं नाही. सलग नव्हतं हे आणखी वाईट. दोनशे मीटर चांगला रस्ता, तुम्ही तिसरा टाकता, आणि वळणावर पुन्हा गोटा. समोरून खडीचा डंपर आला की पाचेक मिनिटं डोळ्यांसमोर फक्त लाल धुरळा.

गाडीचं स्वतःचं वजन १९५ किलो, वर मी, दोन बाजूंना नऊ-नऊ किलोच्या बॅगा. उतारावर सैल खडीत पुढचा ब्रेक दाबला की एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) धर-सोड करतं आणि गाडी थांबायचं नावच घेत नाही. तिथे पहिला-दुसरा गिअर आणि इंजिनचा ब्रेक, बाकी काही उपयोगाचं नाही. उभं राहून चालवा असं सांगणाऱ्यांनी क्लासिकचे फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) कुठे आहेत ते आधी बघावं. ते इतके पुढे आहेत की उभं राहिल्यावर सगळा तोल हँडलला लटकतो. माझ्या मनगटाचं भरीत तिथेच झालं.

कोळथऱ्याच्या अलीकडे मागून टक-टक ऐकू यायला लागलं. चेन सैल झाली असेल, दाभोळला बघू, असं म्हणत मी आणखी दोनेक किलोमीटर रेटली. मग रेक्झिन जळाल्याचा वास आला. उतरून बघतो तर उजव्या बाजूचा स्टे वरच्या पट्टीपाशी वेल्डिंगवरून सुटलेला, खालचा बोल्ट गायब, आणि बॅग सायलेन्सरवर टेकून तिला हाताएवढं भोक पडलेलं. आतला रेनकोट वितळून काळा गोळा झाला होता.

पुढे वळणावर एका मोरीचं काम चालू होतं. मी बॅगेतली नायलॉनची दोरी काढून बांधायला लागलो, तेवढ्यात सळ्या बांधणारा एक जण उठून आला. दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, दोरी जळेल. तार घ्या.” सळ्यांना बांधतात ती काळी बाइंडिंग वायर त्याने चौपदरी केली, तुटलेला पाइप आणि कॅरियर यांच्यात दोन आटे घातले, आणि कमरेचा आकडा अडकवून सटासट पिळला. तिसऱ्या पिळाला पाइप जागच्या जागी. मग बॅग माझ्या हातात देऊन म्हणाला, ही मागच्या सीटवर ठेवा, इथे लावू नका. ५,८०० घेणाऱ्याला एवढी अक्कल नव्हती. पैसे घेईना. शेवटी बिस्किटांचे दोन पुडे ठेवून निघालो. ती तार पुढे दाभोळ, फेरी, धोपावे आणि गुहागरपर्यंत तशीच टिकली.

गुहागरला घरांची गेटं आणि ग्रिल बनवणाऱ्याकडे गेलो. त्याने तुटलेलं टोक बोटाने चाचपलं आणि मला दाखवलं. पाइप इतका पातळ की वेल्डिंग करतानाच तो आतून जळलेला, वरून जाडजूड मणी आणि काळा रंग. म्हणजे दिसायला भक्कम, धरायला जेमतेम कागद. शिवाय बॅगेचं वजन पाइपच्या बाहेर लोंबतं, प्रत्येक खड्ड्यात तो सांधा वाकतो आणि सरळ होतो. तो तुटणारच होता. इथे नाही तर पुढच्या घाटात. त्याने तुटलेल्या जागी एक तिकोनी पट्टी बसवून दीडशे घेतले. तो आधी ‘गाडीवरच मारतो’ म्हणत होता, ते करू देऊ नका. या गाड्या इंजेक्शनच्या आहेत, वेल्डिंगचा करंट ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमधे) गेला तर स्टेची किंमत क्षुल्लक वाटेल. भाग उतरवून द्या. उतरवणं शक्यच नसेल तर निदान बॅटरीच्या वायरी काढा.

संध्याकाळी दुकानदाराला फोन केला. घेताना “हा लडाखला जाऊन आलेला माल आहे” असं तोच म्हणाला होता. आता म्हणे, “तुम्ही वजन फार टाकलं असणार.” म्हटलं, किती टाकायचं असतं? “तसं काही लिहिलेलं नसतं साहेब, पण जॅकेट वगैरे ठेवायला ठीक आहे.” तसलाच स्टे त्याच्याच रांगेत दुसरीकडे ३,४०० ला होता हे मला काल, परत आल्यावर कळलं.

तेव्हा सॅडल स्टे घेऊ नका. एकट्याने जाणार असाल तर मागची सीट रिकामीच असते. तिथे एक आडवी बॅग टाका आणि कडीच्या पट्ट्यांनी आवळा, रबरी बंजीने नाही. बंजी खड्ड्यात ताणते, बॅग हळूहळू सरकते आणि तिचा आकडा सुटून डोळ्यात गेला तर काय, हा विचारही नको. घ्यायचाच असेल तर दुकानात पाइप नखाने वाजवून बघू नका, तोलून बघा, आणि सगळे नट नायलॉकचे (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) मागा. माझ्या खालच्या बोल्टला साधा नट होता, स्प्रिंग वॉशरसुद्धा नाही. ८०० रुपयांच्या फिटिंगमधे हे बसलं नाही.

रायझरचं दुखणं फेरीवर कळलं. ओहोटी असली की बोटीचा लोखंडी रॅम्प चांगलाच उतरता लागतो, त्यावर पाणी आणि शेवाळ. बागमांडल्याला आत शिरून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि क्लचमधे असताना इंजिन आपोआप घुमायला लागलं. हँडल ३० मिलिमीटर उचललं, केबल तेवढ्याच लांबीच्या राहिल्या, त्यामुळे वळवल्यावर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. क्लच सोडला असता तर पुढच्या आल्टोत घुसलो असतो. बसवून घेतलात तर गाडी स्टँडवर चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. आवाज जराही बदलला तर दुकानातून हलू नका. मी रत्नागिरीत रायझर काढून टाकला. त्याऐवजी क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून घेतले, कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ राहील असे. खर्च शून्य, आणि आराम त्यापेक्षा जास्त.

फॉग लाइट चालले, पण रिले आणि फ्यूज न लावता हेडलाइटच्या वायरीवरच जोडलेले होते. पावस गावाच्या पुढे टेप वितळायला लागलेली एका वायरमनने दाखवली. रात्री चालवणार नसाल तर नकोत. आणि या रस्त्यावर रात्री चालवूच नये, गुरं बसलेली असतात.

आता जे लागू पडलं ते. मागचा टायर जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा घेतला, ४,२००. त्या गोट्यात गाडी हलली, डुलली, पण मागचं चाक एकदाही सुटलं नाही. सगळ्या खर्चात हा एकच मी डोळे झाकून पुन्हा करेन. हवा: मागे ३२ पीएसआय ठेवतो, खराब पट्ट्यात २८ केली. त्याच्या खाली गेलो नाही, कारण ट्यूबच्या टायरला दगडावर कमी हवेत चिमटा बसतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टोकदार दगड आणि स्पोकचं चाक, तिथे पंक्चर काढायचं म्हणजे अर्धा दिवस. पायाने मारायचा छोटा पंप आणि हवा मोजायचं मीटर एवढं सोबत असू द्या.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) सहा पायऱ्यांचा असतो आणि त्याचा पाना गाडीच्या टूलकिटमधे येतो. गाडीच्या आधीच्या मालकाने तो पाना पिशवीतून काढलाही नव्हता. सामान होतं म्हणून चौथ्या पायरीवर नेला, दोन्ही बाजू सारख्या, आणि गाडी खड्ड्यात तळ गाठायची थांबली. हे केल्यावर चेन पुन्हा तपासा, आणि स्वतः बसून, सामान लावून तपासा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन वजन पडल्यावर कडक होते आणि बेअरिंग खाते.

सीटवाल्याने १,५०० मधे आतला फोम बदलला. मऊ मागू नका, कडक मागा. मऊ फोम तासाभरात बसतो आणि खालचा पत्रा टोचायला लागतो.

सायलेन्सर बदलायचा सल्ला हर्णैच्या त्याच दोन बुलेटवाल्यांनी दिला होता. आवाज करणाऱ्या सायलेन्सरला २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तेवढ्यात माझ्या हिशोबाने टायर, सीट आणि ब्रेक पॅड, दीड गाड्यांचं काम होतं.

गुहागर ते मालवण दोन दिवस. आरे-वारेचा चढ उतरताना दिसतो तो समुद्र खरोखर बघण्यासारखा आहे, पण वळणावर गाडी लावू नका, सगळे तिथेच लावतात. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, सगळं व्यवस्थित. मालवण ते रेडी तर सांगण्यासारखं काही नाही, हात आणखी दुखावला नाही.

घरी आल्याबरोबर गाडी धुवा, दुसऱ्या दिवशी नाही. खाडीचं खारं पाणी आणि तांबडी माती मिळून चेनवर जो लेप बसतो तो रात्रभरात वाळतो, मग रॉकेल लावून ब्रशने घासत बसावं लागतं. मी झोपलो आणि सकाळी दोन तास तेच करत होतो. फेरीच्या रॅम्पवरचं पाणी खालून उडतं, तेव्हा साइड स्टँडची स्प्रिंग आणि सेंटर स्टँडचा बोल्टही धुवायला विसरू नका. माझ्या सेंटर स्टँडची स्प्रिंग आजच कुरकुरायला लागलीय. स्टे काढलाय, मोरीवरच्या तारेचे दोन पीळ अजून कॅरियरला तसेच आहेत. ते काही मी सोडत नाही.