भिशी लावून केलेलं दहा कोर्सचं जेवण

मित्रांबरोबर महागड्या रेस्टॉरंटात जायचं ठरवलं की सगळ्यात अवघड प्रश्न पैशांचा असतो. काटेचमचे कसे धरायचे हे पाच मिनिटांत जमतं. पाच जणांचे खिसे पाच तऱ्हेचे असताना कुणालाही ओशाळं वाटू न देता एका टेबलावर बसायचं, हे मात्र आधी नीट जुळवून आणावं लागतं.

आम्ही पाचही जण सांगलीच्या कॉलेजातले. एक आता पुण्यात सीए आहे, एक दुबईत नोकरी करतो, एक सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे (त्याला आम्ही कॉलेजपासूनच मास्तर म्हणतो), एक मैत्रीण अलिबागला नर्स आहे आणि मी ठाण्यात डीटीपीची कामं करते. एकदा सगळ्यांनी मिळून मुंबईत कुठेतरी खास जेवायचं, हे बरेच दिवस नुसतं बोलण्यात होतं. दुबईवाल्याने ग्रुपवर लिहिलं, "बिल माझं, तुम्ही फक्त या." बाकीच्यांनी टाळ्या टाकल्या. मास्तर काहीच बोलला नाही.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, त्याचं मन मोठं आहे, माहितेय मला. पण दुसऱ्याच्या पैशानं बसलो तर एवढा महागाचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही. आणि एकदम सहा-सात हजार काढणंही मला जमणार नाही." इतकं सरळ बोलणारा मित्र असणं हे भाग्यच. मग भिशीची कल्पना निघाली. दसऱ्यापासून दर महिन्याला माणशी हजार रुपये, हिशोब सीएकडे. जूनपर्यंत प्रत्येकाचे आठ हजार, म्हणजे चाळीस हजार रुपये जमले. दुबईवाल्यानेही सगळ्यांइतकेच भरले. त्याने जास्त भरू नये, हे मास्तरनेच त्याला प्रेमाने सांगितलं, आणि त्यानेही ते मनाला लावून घेतलं नाही.

जागा निवडताना सीएचं ज्ञान कामाला आलं. स्वतंत्र रेस्टॉरंटात जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर आहे, त्या आवारातल्या रेस्टॉरंटात तोच 18 टक्के होतो. माणशी साडेपाच हजारांचं जेवण पाच जणांनी घेतलं तर साडेसत्तावीस हजार होतात. त्यावर एका ठिकाणी 1,375 रुपये कर, दुसऱ्या ठिकाणी 4,950. पंचतारांकित हॉटेलं तिथेच यादीतून गेली. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो बिलात वेगळा दिसतो. मेन्यूवरच्या किमतींखाली बारीक अक्षरात 'कर वेगळे' असं असतं, म्हणून ही बेरीज घरूनच करून जावी.

मुंबईत आता नुसत्या टेस्टिंग मेन्यूची रेस्टॉरंटं बरीच झाली आहेत. महालक्ष्मीला जुन्या गिरणीच्या आवारात 2016 साली सुरू झालेलं 'मास्क' हे त्यातलं सुरुवातीचं आणि गाजलेलं नाव. तिथला स्वयंपाक देशातल्या जिनसांवर उभा आहे, आणि त्या वाटेने पुढे अनेक जण गेले. आम्ही ज्या ठिकाणी गेलो ते वेगळं. तेही गिरणगावातच, एका बंद गिरणीच्या आवारात. टेस्टिंग मेन्यू म्हणजे आपण पदार्थ निवडायचे नाहीत. स्वयंपाकघर ठरवेल तसं एकेक पान समोर येतं. आमच्या वेळी दहा कोर्स होते.

बुकिंगला माणशी दोन हजार आगाऊ भरावे लागले. अठ्ठेचाळीस तास आधी रद्द केलं तर पैसे परत, नंतर नाही. ते बिलातून वजा होतात हे फोनवर विचारलं आणि मेलवरही लिहून घेतलं. फोनवर बोलायला मुळीच लाजू नये. मी जे जे विचारलं त्याची त्या मुलीने फार आपुलकीने उत्तरं दिली. मास्तर माळकरी आहे, त्यामुळे मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दारूचा थेंब नाही. सॉसमध्येही वाइन नको, हे वेगळं सांगावं लागतं, कारण ती बऱ्याच पदार्थांत स्वयंपाकासाठी वापरतात. तारीख धरताना एकादशी नाही ना, हे आधी बघितलं होतं. सीएला कोळंबीची ॲलर्जी. तिथे आमची नर्स मध्ये पडली. म्हणाली, "नुसतं कोळंबी नको म्हणू नकोस. खेकडा, सोडे, जवळा, त्यांचा स्टॉक, सगळं विचार. मसाल्यात सोड्याची पूड असली तरी त्रास होईल." आणि खरंच, एका पदार्थात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, होते. त्याच्यासाठी तो वेगळ्या भांड्यात करू, असं त्यांनी कळवलं.

कपड्यांच्या रकान्यात 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलेलं होतं. मास्तरने विचारलं, "कोल्हापुरी चालेल का?" तेही मी विचारून घेतलं. पुरुषांना हाफ पँट आणि रबरी स्लिपर नको, एवढाच नियम होता. मास्तर पांढरा सदरा, करकरीत कोल्हापुरी आणि गळ्यात तुळशीची माळ अशा वेशात आला, आणि आमच्यात सगळ्यात रुबाबदार तोच दिसत होता.

आवाराच्या फाटकाशी आल्यावर तो थांबला. गिरणीच्या चिमणीकडे बराच वेळ बघत राहिला. त्याचे आजोबा पाटण तालुक्यातून येऊन या भागातल्याच एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, होते. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे आणि एका बाईंच्या खाणावळीत जेवायचे. सातारा, कोल्हापूर, कोकणातून एकटे आलेले हजारो कामगार असेच जेवले. खाणावळवाल्या बाया महिनाभर उधारीवर जेवू घालायच्या आणि पगार झाला की हिशोब व्हायचा. भाकरी, कालवण, भात, रविवारी मटण. त्या बायांना वाणी उधार देईना आणि बँक कर्ज देईना, तेव्हा 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मास्तरचे आजोबा त्यानंतर गावीच परतले. खाणावळीच्या बाईंचे शेवटच्या महिन्याचे पैसे त्यांनी गावाहून मनिऑर्डरने पाठवले होते, हे मास्तरने आम्हाला तिथे उभं राहून सांगितलं. इतक्या वर्षांत त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मला वाटतं, गिरणगावात जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास माहीत असायला हवा. तिथे कुणाच्या तरी हातचं जेवण विकत घेऊन जेवण्याची परंपरा फार जुनी आणि फार अभिमानाची आहे.

आत गेल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा: साधं बाटलीबंद की सोडायुक्त? "फिल्टरचं साधं पाणी द्या," म्हणालो. ते मिळतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. बाटल्यांचे मात्र लागतात, आणि दहा कोर्सांत पाच जणांच्या किती बाटल्या होतील, हे लक्षात ठेवावं.

वाइन पेअरिंग, म्हणजे कोर्सला जुळेल अशी वाइन, माणशी साडेतीन हजार. दुबईवाला आणि नर्स, दोघांनीच घेतलं आणि ते आपापल्या खिशातून, हे आधीच ठरलं होतं. नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनचा पहिला पेला आला तेव्हा नर्सने सावकाश वास घेतला आणि म्हणाली, "पेरूचा वास येतोय." वाढणारा मुलगा खूश झाला. आम्हा तिघांना कोकम, गवती चहा, जांभूळ अशी पेयं आली. ती मेन्यूच्या किमतीतच होती आणि अजिबात दुय्यम वाटली नाहीत.

एकामागून एक कोर्स वाढायची ही पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळली. तिला रशियन पद्धत म्हणत. त्याआधी फ्रेंच मेजवान्यांत सगळं एकदम मांडलेलं असे. आपल्या ताटातही सगळं एकदम असतं, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आणि कशाबरोबर काय खायचं हे जेवणारा ठरवतो. इथे तो ताबा आचाऱ्याच्या हातात जातो. पहिल्या दोन कोर्सांना मला ते अडचणीचं वाटलं. नाचणीची कुरकुरीत चकती अंबाडीच्या चटणीबरोबर आली, दोन घासांत संपली, आणि आणखी थोडी हवी असताना बशी उचलली गेली. पुढे मात्र लय सापडली. एकाच चवीकडे पूर्ण लक्ष देता येतं, हे या पद्धतीचं खरं सुख आहे.

पाचवा कोर्स आला आणि नर्सने हातातला चमचा खाली ठेवला. "अगं, ही शेवळं आहेत!"

जूनमध्ये पहिल्या पावसाने रायगड-ठाण्याच्या रानात जमिनीतून वर येणारे हे कोंब. फार थोडे दिवस मिळतात, आदिवासी बाया जुड्या बांधून बाजारात आणतात. नीट केली नाहीत तर घशाला भयंकर खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं या आंबट रानफळांच्या रसात शिजवायचं. अलिबागला तिची आई दरवर्षी करते, वाल घालून किंवा सोडे घालून. इथेही आमच्या तिघांच्या वाटीत सोडे होते, मास्तरच्या वाटीत वाल, आणि सीएची वाटी वेगळी खूण करून आणलेली. वाढणाऱ्याने प्रत्येक वाटी ठेवताना त्यात काय आहे ते पुन्हा सांगितलं. ॲलर्जी असलेल्या माणसाबरोबर जाणाऱ्याला हे ऐकून किती हायसं वाटतं, ते मीच जाणते.

नर्सने विचारलं, "काकडं कुठून आणता?" मुलाला सांगता येईना, तो आत गेला आणि तरुण शेफ स्वतः बाहेर आली. मुरबाडच्या बाजारातून एक बाई त्यांना शेवळं आणि काकडं दोन्ही एकत्र आणून देतात, असं तिने सांगितलं. मग दोघींचं जे बोलणं सुरू झालं, ते पुढचा कोर्स येईपर्यंत संपलं नाही. आई पिवळा भाग किती काढते, आधी वाफवते का, गूळ घालते का. शेफने एप्रनच्या खिशातली वही काढून लिहून घेतलं. हा पदार्थ घरच्यापेक्षा चांगला होता का? नर्स म्हणाली, नाही, पण खोटाही नव्हता. माझ्या मते महाग रेस्टॉरंटाला यापेक्षा मोठी दाद नाही. आणि भात त्याबरोबर हाताने खाल्ला तर चालेल का, हे मास्तरने विचारलं तेव्हा त्याच क्षणी हात धुवायला कोमट पाणी आलं.

बाकीच्या कोर्सांचं सगळं सांगत बसत नाही. सातवा मला आवडला नाही, धुराचा वास फार होता. आंबेमोहराच्या तांदळाचं आइस्क्रीम अप्रतिम. सगळं मिळून तीन तासांच्या वर लागले आणि पोटही नीट भरलं. मास्तरला तीच काळजी होती.

बिल आलं. त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला, 3,450 रुपये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला स्पष्ट केलं आहे की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, तो ऐच्छिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ही मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. सीएने मॅनेजरला बाजूला बोलावून शांतपणे सांगितलं. त्याने वाद न घालता नवं बिल आणलं. आणलं नसतं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहेच. नवा आकडा: जेवण 27,500, जीएसटी 1,375, वाइन 7,000 आणि तिच्यावरचा व्हॅट 700.

चार्ज काढायला लावला तो वाढणाऱ्यांना काही द्यायचं नव्हतं म्हणून नव्हे. भिशीतून अडीच हजार रोख काढले आणि आमच्या टेबलावरच्या दोघा मुलांच्या हातात दिले. त्यातला एक पाटणजवळचाच निघाला. मास्तर त्याच्याशी गावच्या रस्त्यांबद्दल बोलत दारापर्यंत गेला.

वाइनचे प्रत्येकी 3,850 रुपये दोघांनी तिथल्या तिथे आपापले यूपीआयने भरले. भिशीत 8,625 उरले. त्यातून मास्तरचं परतीचं तिकीट काढावं, असं दुबईवाला म्हणाला. मास्तर ऐकेना. शेवटी रक्कम तशीच ठेवली आणि भिशी पुढे चालू ठेवायची असं टॅक्सीतच ठरलं. पुढच्या वेळी दुपारचं जेवण घ्यायचं, तेव्हा कोर्स कमी असतात आणि दरही बराच खाली येतो. शनिवार नको, अशी नर्सची अट आहे. तिची ड्यूटी असते.