पणजीचं नाव कुठल्या कागदात सापडतं

वंशावळ काढायची म्हटलं की आमच्याकडं घरातला कर्ता माणूस एक लांबलचक कागद पसरतो. वर मूळपुरुष, खाली त्याचे मुलगे, त्याखाली नातू. सात-आठ पिढ्या उतरतात आणि सबंध कागदावर एक बाई नसते. नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या सरकारी महसूल कचेरीत, वारसा लावायला वंशवृक्ष द्यावा लागतो, त्यात आता मुलींची नावं येतात. १९९४ साली कर्नाटकानं लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत भावाएवढा वाटा दिला आणि २००५ च्या दुरुस्तीनं देशभरातल्या मुलींना तो मिळाला, म्हणून. त्याच्या मागच्या पिढ्यांत मात्र सगळे बाप्येच. हे मला पटत नाही. ज्यांनी ही घरं सांभाळली त्यांची नावं मिळतात, फक्त शोधायची जागा वेगळी असते.

बेळगावात आम्ही काही जण रविवारी जमतो. कुणी घराण्याचं मूळ गाव शोधतंय, कुणी कुलदैवतावरून माग काढतंय, कुणाकडं नुसतीच कागदांची पत्र्याची पेटी आहे. आमच्यात मोडी वाचणारे एक वयस्कर काका आहेत आणि कन्नड उतारे फाडफाड वाचणारी एक तरुण वकील आहे. या दोघांशिवाय आमच्या भागात पान हलत नाही. एकाच शेताचा पणजोबांच्या वेळचा कागद मोडीत, आजोबांच्या वेळचा बाळबोध मराठीत आणि आजचा उतारा कन्नडमध्ये, असं घरोघरी आहे.

नवीन माणूस आला की काका आधी विचारतात, "तुमचं गाव पूर्वी कुणाच्या राज्यात होतं?" हा प्रश्न फार कामाचा. बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये धारवाडातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा कंपनी सरकारचा कारभार धारवाड कलेक्टरीत बघावा लागतो. शहापूर आज बेळगाव शहरातच आहे, पण संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगलीकरांचं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. पेशवाईतलं काही हवं तर पुण्याचं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, करवीर दरबारचं हवं तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार. गावाचा धनी कळला की निम्मी पायपीट वाचते.

आता बायकांकडं येते. माझ्या पणजीला घरात सगळे 'थोरली आई' म्हणायचे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं खरं नाव सांगू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. ते मिळालं फेरफाराच्या जुन्या नोंदवहीत. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासून माणूस वारला की वारसांची नोंद व्हायची. पणजोबा तरुणपणीच गेले, मुलगे लहान. मुलांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'अ.पा.क. आई' आणि पुढं तिचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा असेपर्यंत जिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, ती विधवा झाल्यावर सरकारदरबारी दिसू लागली. आणि ते नाव माझ्या धाकट्या बहिणीचंच निघालं! आजोबांनी बारशाला हट्टानं ठेवलेलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी बहिणी फोनवर कितीतरी वेळ बोलत होतो.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, आजचा संगणकावरचा उतारा बघून थांबू नका. सरकारच्या 'भूमी' या संगणकावरच्या नोंदीत मिळतो तो आजचा मालक. तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून जुन्या फेरफारांच्या नकला मागा आणि त्यात 'कोम', 'भ्र.' किंवा 'जौजे' कुठं येतं ते बघा. 'कोम' आणि 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. हे शब्द दिसले की तिथं एक बाई नावानिशी उभी आहे.

मी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे मुलांच्या दाखल्याची नोंद असते त्या जनरल रजिस्टरचं महत्त्व मला ठाऊक आहे. जुन्या मराठी शाळांच्या रजिस्टरांत जन्मगाव बघा. पहिलं मूल आईच्या माहेरी जन्मायचं, त्यामुळे थोरल्या मुलाचं जन्मगाव हेच बऱ्याचदा आजीचं माहेर निघतं. तिथून पुढं तिच्या भावांचं आडनाव शोधता येतं.

मला सगळ्यात लाडकी असते ती आहेराची वही. लग्नात कुणी काय दिलं ते लिहिलेली, हळदीचे डाग पडलेली वही. एक लुगडं, दोन रुपये, पितळी तांब्या, आणि शेजारी देणाऱ्याचं नाव, गाव, नातं. 'मुलीचे मामा, उचगाव.' 'आत्याचे घरचे, निपाणी.' सोयरीक कुठवर पसरली होती त्याचा नकाशाच हातात येतो. घर पाडताना, रंग काढताना या वह्या रद्दीत जातात. कृपा करून देऊ नका.

हेळवी अजून येतात त्यांचंही सांगायला हवं. सुगी झाली की बैल घेऊन येणारी, पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या वाटणीच्या घरांची वंशावळ राखणारी ही माणसं उत्तर कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात फिरतात. दारात उभं राहून घराण्याची नावं म्हणतात, नवीन जन्मलेल्यांची नोंद करतात, धान्य किंवा पैसे घेतात. त्यांना पायरीवरून वाटेला लावू नका. आत बसवा, चहा द्या, परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपा. आमच्याकडं येणाऱ्या हेळवीला मी लेकींची नावं विचारली तेव्हा तो आधी थबकला. मग त्यानं वही उघडली आणि म्हणाला, "सांगा की आक्का, लिहून घेतो." आमच्या घरच्या पोरींची नावं त्यानं माझ्यासमोर लिहिली.

घरात कुणी फौजेत गेलं असेल तर आणखी एक वाट आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकातल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (CWGC) संकेतस्थळावर मृत सैनिकांची नावं फुकट शोधता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं, काहींत बायकोचंही. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलंय, म्हणून चार तऱ्हांनी शोधा.

आणि जिवंत माणसं. आमच्याकडं गावोगावी लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांच्या खंडानं भरते आणि साऱ्या माहेरवाशिणी येतात. ऐंशीच्या घरातल्या आत्या, मावश्या एका ओसरीवर मिळण्याची अशी वेळ पुन्हा कधी येणार? गर्दी ओसरल्यावर, दुपारी जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. थेट "आजीचं नाव काय?" विचारलं तर आठवत नाही. "तिला माहेरचे काय म्हणून हाक मारायचे, मुराळी कोण यायचा, कुठल्या देवाला नवस बोलायची" असं विचारा. माझी आत्ती आधी म्हणाली, "काय करतीस गं आता हे लिवून?" आणि मग दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली.

माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहून ठेवा. कोण बोललं, कुठं, कोणत्या तारखेला तेही लिहा. फोटोच्या मागं नावं शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उतरते. या पावसाळ्यात रविवारी आम्ही आहेराच्या वह्यांचे फोटो काढून ठेवायचं काम घेतलंय. तुमच्या माळ्यावर एखादी असली तर घेऊन या, पानं सुटी झालेली असली तरी चालतील.