नंबर बरोबर, चष्मा चूक

माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे ६, डाव्याला उणे साडेपाच आणि वर थोडा सिलिंड्रिकल. साधी काच घातली तर सोडावॉटर चष्मा होतो, म्हणून १.६७ इंडेक्सची पातळ काच लागते. दुकानात तिची किंमत ऐकली की जुनाच चष्मा बरा वाटायला लागतो. ऑनलाइन तीच काच जवळपास निम्म्या किमतीत दिसली, मग तिकडेच घ्यायचं ठरवलं.

फॉर्म भरताना अडले ते पीडीपाशी. पीडी म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बरंच बदलतं. डॉक्टरांच्या कागदावर ते नव्हतंच. आपल्याकडे मागितल्याशिवाय सहसा कुणी लिहीत नाही. साइटवर दोन पर्याय होते: कार्ड कपाळाला लावून सेल्फी काढा, नाहीतर ‘माहीत नाही’ निवडा, आम्ही सरासरी धरू. दोनदा सेल्फी काढला तर दोन वेगळे आकडे आले. शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात परत गेले. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टने प्युपिलोमीटरने मोजून दिलं: एकूण ६०, उजवा २९.५, डावा ३०.५. नाक चेहऱ्याच्या बरोबर मधोमध असतंच असं नाही, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या लिहून घ्याव्यात.

बाकीचा फॉर्म दोनदा तपासून भरला. अधिक-उणे चिन्ह, सिलिंडर, अ‍ॅक्सिस, सगळं कागदावर होतं तसंच. एक चिन्ह उलटं पडलं तरी काच वेगळ्याच डोळ्यांसाठी बनते.

चष्मा आला. अक्षरं स्वच्छ दिसत होती, पण डोळे आतून कुणीतरी ओढतंय असं वाटायचं आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. हेल्पलाइनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, थोडे दिवस घाला, सवय होईल.” नव्या चष्म्याची सवय व्हावी लागते हे खरंच आहे, त्यामुळे हे उत्तर फार सोयीचं. पण माझा नंबर बदलला नव्हता आणि जुन्या चष्म्यात काहीच त्रास नव्हता. मग सवय कशाची करायची?

चष्मा घेऊन आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्या काकांकडे गेले. बाहेरून आणलेला चष्मा तपासायला सांगताना जरा अवघड वाटलं, पण काकांनी पैसे सांगितले आणि मी दिले, विषय संपला. त्यांनी काच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवली, नंबर बरोबर निघाला. मग यंत्राची कळ दाबून काचेवर शाईचे तीन बारीक ठिपके उमटवले; त्यातला मधला म्हणजे त्या काचेचा ऑप्टिकल सेंटर. दुसऱ्या काचेवरही तसंच केलं आणि दोन मधल्या ठिपक्यांमध्ये पट्टी धरली. ६६ मिलिमीटर! माझ्या पीडीप्रमाणे ते ६० हवं होतं.

काचेच्या मध्यातून न बघता बाजूने बघितलं की काच प्रिझमसारखी वागते. किती सेंटिमीटर बाजूला, गुणिले नंबर, एवढाच हिशोब. एका डोळ्यामागे ३ मिलिमीटर, म्हणजे ०.३ गुणिले ६, जवळजवळ १.८ प्रिझम, दोन्ही डोळ्यांचं मिळून साडेतीनच्या घरात. उणे नंबराच्या काचा जास्त लांब बसल्या की डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, आणि ते त्यांना फारसं जमत नाही. माझ्या जागी उणे एकवाली कुणी असती तर तिला बहुधा काही जाणवलंही नसतं. ‘मी तर कायम ऑनलाइनच घेते, काही होत नाही’ असं मैत्रिणी सांगतात ते म्हणूनच खरं असतं, त्यांच्यापुरतं.

ठिपके पुसू न देता पट्टीसकट फोटो काढला आणि ऑर्डरमधल्या पीडीच्या आकड्यासोबत मेल केला. आधी ‘नंबर टॉलरन्समध्ये आहे’ असं उत्तर आलं. मी लिहिलं, नंबराची तक्रारच नाही, पीडीचं बोला. मग काचा बदलून मिळाल्या. ठिपके काढून त्याही तपासल्या, या वेळी ६० होते.

चाळिशीचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा मात्र काकांकडूनच केला. फ्रेम नाकावर बसवून त्यांनी मला समोर बघायला सांगितलं आणि बाहुली जिथे येत होती तिथे डमी काचेवर मार्करने खूण केली. ही उंची त्याच फ्रेममध्ये, चेहऱ्यावरच घ्यावी लागते. ती चुकली की वाचताना मान वर-खाली करत बसा.

हे सगळं ऐकूनही भाची लग्नासाठी कुठल्याशा पेजवरून रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मागवायला निघाली होती. “मावशी, नंबर नाहीये गं, फक्त रंग!” मी तिला माझ्या खोक्यावरचे आकडे दाखवले: बीसी (बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सची आतली गोलाई) ८.६, व्यास १४.२. पेजवर यातलं काहीच नव्हतं. माझ्या वेळी डॉक्टरांनी लेन्स घालून थोडा वेळ बसवून ठेवलं होतं आणि पापणी मिटल्यावर ती जराशी हलते का ते स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. घट्ट बसली तर खाली अश्रू फिरत नाहीत. शिवाय चष्म्याचा नंबर लेन्सला जसाच्या तसा चालत नाही. चष्म्यातला उणे ६ लेन्समध्ये साधारण साडेपाच होतो. लेन्सला लागलेल्या नळाच्या पाण्यातल्या अकांथअमीबा या सूक्ष्म जीवाचं सांगितलं तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला. तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते.

आता आधी फिटिंग करून घेणार म्हणते. एकदा ब्रँड आणि आकडे ठरले की पुढची खोकी ऑनलाइन मागवायला माझी हरकत नाही, मीही तेच करते. फक्त ‘तुमचा ब्रँड संपलाय, तसाच दुसरा पाठवतो’ असा मेसेज आला की ऑर्डर रद्द करते.