गडीसरच्या काठावर आठवलेले धामापूर

मालवण तालुक्यातील आमच्या घरामागची विहीर एप्रिलच्या मध्यावर तळ गाठते. कळशी सोडली की ती खालच्या दगडावर आपटल्याचा आवाज येतो आणि वर येते ते निम्मे पाणी, निम्मा गाळ. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की टँकरची वाट पाहणे हा घराचा दिनक्रमच होतो. त्यामुळे मागच्या डिसेंबरात आईला घेऊन जैसलमेरला गेलो, तेव्हा किल्ल्याआधी मला गडीसर तलाव पाहायचा होता.

जैसलमेर शहर ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवले. आज दिसणाऱ्या तलावाचे श्रेय चौदाव्या शतकातील महारावळ घडसी यांना दिले जाते आणि त्यांच्याच नावावरून त्याला घडसीसर, बोलीत गडीसर, म्हणतात. पिवळ्या दगडाच्या छत्र्या थेट पाण्यात उभ्या आहेत. आम्ही पायडलची होडी घेऊन त्यांतील एका छत्रीच्या अगदी जवळ गेलो. तिच्या खांबांवर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा एकीखाली एक उमटल्या होत्या. आईने होडीतूनच हात लांबवून त्या दगडाला स्पर्श केला आणि म्हणाली, "आपल्याकडे एवढो पावस पडता, तो जाता खंय?"

तिचा प्रश्न मला अजून सोडत नाही. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर आमच्या सिंधुदुर्गात ३००० मिलिमीटरहून अधिक. तरीही त्या वाळवंटी शहराने कित्येक शतके मुख्यतः याच तळ्यावर तहान भागवली, कारण ज्या उतारांवरून पाणी तलावात येते त्या जमिनीला, ज्याला तेथे आगोर म्हणतात, लोकांनी तलावाइतकेच जपले आणि ती जमीन घाण होऊ न देणे हा गावाचा नियम मानला. आता सतलज आणि बियास यांच्या संगमावरील हरिके बंधाऱ्यातून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी त्या भागात पोहोचले आहे, आणि गडीसर मुख्यतः फिरण्याचे, नौकाविहाराचे ठिकाण उरले आहे. संध्याकाळी मुले माशांना पाव टाकत होती.

तलावाच्या वाटेवरील मोठ्या दरवाजाला टीलोंची पोळ म्हणतात. टीलों नावाच्या गणिकेने तो बांधायला घेतला तेव्हा, आपल्याला तिच्या दाराखालून जावे लागेल म्हणून राजघराण्याने हरकत घेतली, आणि तिने दाराच्या माथ्यावर देऊळ बांधून ते पाडणेच अशक्य केले, अशी कथा तेथे सांगतात. ती ऐकताना मला आमच्याच तालुक्यातील धामापूरच्या तळ्याची आणि तेथील भगवती देवीची आठवण झाली. लग्नकार्यासाठी दागिने हवे असले की फुलांनी भरलेली परडी तळ्यात सोडायची आणि देवीकडून दागिने मिळायचे, कार्य झाल्यावर ते परत करायचे, पण कोणीतरी ते परत केले नाहीत आणि देणे थांबले, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक आजीने सांगितलेली असते. देवीचे म्हणून त्या तळ्याचा धाक राहिला आणि धाकामुळे पाणी राहिले, असे मला मनापासून वाटते.

परतल्यावर आम्ही दोघे धामापूरला गेलो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन १५३० मध्ये मातीचा बांध घालून हे तळे घडवले आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. लहानपणापासून सहलीला जाऊनही मी त्या बांधाकडे कधी नीट पाहिले नव्हते. या वेळी बांधावरून चालताना एका बाजूला झाडीची सावली पडलेले गर्द पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याच पाण्यावर पोसलेली हिरवी शेते व पोफळी दिसत होत्या. आमच्या कोकणात सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र. आषाढात पडलेले पाणी पाहता पाहता खाडीला मिळते. ते अडवायला राज्य नव्हे, गाव लागते, हे देसायांच्या काळातील लोकांना ठाऊक होते.

यंदा नोव्हेंबरमध्ये घराजवळच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, वाडीतील आम्ही पंधरा-वीस जणांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. मागे गुडघाभर पाणी साचले आहे. आई रोज तिन्हीसांजेला काठी टेकत तेथवर जाते आणि पोत्यांचा कितवा थर बुडाला आहे ते मोजून येते. विहीर कुठवर साथ देते, ते एप्रिलमध्ये कळेल.