उंबऱ्यावरची बोटं

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी शेजारी सराफाकडे निघतात आणि मी कुंभाराकडे. आम्ही खान्देशातले. आमच्याकडे या दिवसाला आखाजी म्हणतात. साडेतीन मुहूर्तांतला दिवस खरा, पण मान आधी घागरीचा. पुण्यात पितरांचं नाव काढलं की लोकांना भाद्रपदातला पंधरवडा आठवतो. वैशाखात, ऐन सणाला, पुरणपोळी-आमरस करून कोणी गेलेल्यांना जेवायला बोलावतं, याचं त्यांना नवल वाटतं. मला नाही वाटत. एवढ्या उन्हातून आलेल्याला आधी पाणीच विचारायचं असतं.

नवी मातीची घागर, पाण्याने भरलेली. तिच्यावर छोटं भांडं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, दोन आंबे. हे होईपर्यंत घरात आंबा चाखायचा नाही. इथे बाजारात फेब्रुवारीपासूनच हापूसच्या पेट्या लागतात, ऑफिसात कोणीतरी आम्रखंड आणतं (आम्रखंड म्हणजे आंबा का, यावर आमच्या घरात दोन तट आहेत), पण नाना गेल्यापासून आई यात अजिबात सूट देत नाही. नानांना कापलेला आंबा म्हणजे आंब्याचा अपमान वाटायचा. चोखूनच खायचे, कोपरापर्यंत ओघळ.

मग उंबरा. एकेकाचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एक बोट ओढायचं. गावाकडचा उंबरा लाकडी, रुंद. सगळे ऐसपैस मावायचे. या भाड्याच्या फ्लॅटला संगमरवराची चार बोटं पांढरी पट्टी. आई गावाहून व्हिडिओ कॉलवर नावं सांगते.

"घाई नको. नाव घे, मंग बोट ओढ."

आजोबा, पणजोबा सरळ येतात. अडतं ते बायकांपाशी. एक चुलत आजी पहिल्याच बाळंतपणात गेली, तिला सगळे 'धाकली' म्हणायचे. खरं नाव कोणालाच सांगता येईना. 'धाकली' म्हणूनच बोट ओढलं.

मग नानांची पाळी आली आणि आई थांबली. नवऱ्याचं नाव तिने उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नाही.

"नेटवर्क गेलं वाटतं," ती म्हणाली. चित्र मात्र स्वच्छ दिसत होतं.

संगमरवर कुंकू पितो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. साबणाने घासलं तरी फिकट गुलाबी रेघा राहिल्याच. महिनाअखेरीस घरमालक आले, तेव्हा मी पायपुसणं वीतभर पुढे सरकवलं.