कोयनेच्या पाण्यामागून गुहागरला

पाटणहून समुद्र गाठायचा तर आमच्या घरात रस्ता एकच मान्य होता. कोयनेच्या खोऱ्यातून वर हेळवाकपर्यंत, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, अलोरे, चिपळूण आणि तिथून रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास. आज हे अंतर कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, जेवायला परत घरी येता येईल. नव्वदच्या दशकात आमच्यासाठी तो अख्खा दिवस असायचा, आणि वर्षभर त्या दिवसाची वाट बघितलेली असायची.

आण्णांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. सुगीत आणि पेरणीच्या दिवसांत त्यांना मान वर करायला सवड नसे, पावसाळ्यात घाटाचा भरवसा नसे. त्यामुळं मुहूर्त लागायचा तो दिवाळी झाल्यावर, भातं कापून झाली की. गाडी म्हणजे जुनी घेतलेली प्रीमिअर पद्मिनी. पाटणात तिला कुणी पद्मिनी म्हणत नसे, सगळे फियाटच म्हणायचे. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असायचा, त्यामुळं पुढं सलग एकच लांब सीट. आण्णा, मधे मी आणि खिडकीशी आज्जी. मागं आई, धाकटा भाऊ, आत्याची दोन पोरं, आणि पायात डबे. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, सुक्की बटाट्याची भाजी, दह्याचा सट. आज्जीला गाडी लागायची म्हणून तिच्या मुठीत लिंबू असायचं, आणि दरवाजाच्या पुढच्या कोपऱ्यातली ती छोटी तिकोनी काच पूर्ण वळवून ठेवलेली असायची, वारा थेट तिच्या तोंडावर यावा म्हणून. ती काच नव्या गाड्यांतून का काढली कोण जाणे. तिच्यासारखा वारा एसीतून येत नाही, हे माझं मत आजही पक्कं आहे.

अंधारातच निघायचो. थंडीत गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू व्हायची नाही. आण्णा चोक ओढून कान देऊन बसायचे, इंजिन एका लयीत आलं की तो हळूहळू आत ढकलायचे, आणि मगच "बसा" म्हणायचे. घरी आणि दुकानात मोजकं बोलणारा हा माणूस स्टिअरिंगवर बसला की बोलका व्हायचा. कुठल्या शिवारात कुठलं बियाणं चांगलं आलं, कुठल्या ओढ्याला कुठल्या साली पाणी चढलं होतं, सगळं. मला शेतीतलं जे काही कळतं ते त्या सीटवर बसून कळलेलं आहे.

नदी मधूनमधून दिसायची. आपण पश्चिमेला चाललोय आणि ती समोरून येऊन पूर्वेला चाललीय, एवढं कळायचं. हेळवाकला मात्र गंमत होते. महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत आलेली कोयना तिथं जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते. पुढं कराडला कृष्णेला मिळते, आणि कृष्णेबरोबर आंध्रातून बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे समुद्र इथून सरळ रेषेत पश्चिमेला इतका जवळ, आणि आमची नदी पाठ फिरवून सगळा देश ओलांडायला निघालेली. आण्णा गाडी तिथं हळू करायचे. आम्हा पोरांना वाटायचं वळण आहे म्हणून. ते आज्जीसाठी होतं.

आज्जीचं माहेर धरणात गेलं. हेळवाकच्या वरच्या अंगाला कोयनेची भिंत आहे, १०३ मीटर उंच, आणि तिच्या मागं शिवसागर जलाशय पसरलाय, पार तापोळ्याच्याही वरपर्यंत. १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. त्या पाण्याखाली जी गावं गेली त्यातलं एक तिचं. माणसं उठली आणि कुठं कुठं पांगली. कुणी सोलापूरकडं, कुणी सांगलीकडं, कुणी रायगड-ठाण्याकडं. तिचा भाऊ सोलापूर जिल्ह्यात गेला. डोंगरातला, नाचणी-वरीचा माणूस ज्वारीच्या सपाट काळ्या रानात. आज्जी सांगायची, त्यानं पहिली काही वर्षं घराचं दार पश्चिमेला ठेवलं होतं, इकडं बघता यावं म्हणून. जमिनीच्या हक्कासाठी धरणग्रस्तांची भांडणं आणि आंदोलनं तर पुढच्या पिढीपर्यंत चालली. महाराष्ट्राच्या घराघरांत दिवे लागले ते या लोकांच्या उठण्यावर, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत यायचं. आमच्या गाडीत ते पुढच्या सीटवर, खिडकीशी बसलेलं असायचं.

कोयनानगर आलं की आज्जी आणखी एक गोष्ट सांगायची, भूकंपाची, दर वर्षी तीच. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मिनिटाचा आकडा तिला आण्णांनी सांगितलेला, बाकीचं तिचं स्वतःचं. भांडी आधी बोलली, मग भिंती. ती दोन पोरांना काखेत घेऊन अंगणात आली, तिसरा पोरगा, म्हणजे आमचा काका, घोंगडीसकट ओढत. उजाडल्यावर कोयनानगरकडची खबर आली. एवढं बोलून ती थांबायची, कारण पुढं सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारायचोही नाही.

घाटमाथ्यावर थांबायचं नाही हा आण्णांचा नियम. उताराला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय कमीत कमी. तरी शेवटच्या वळणांवर लायनरचा जळका वास यायचाच. आणि मग हवा बदलायची. हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच सांगता येतं. अर्ध्या तासात अंगावरचा स्वेटर नकोसा होतो, झाडांचा रंग गडद होतो, घरं कौलारू आणि दूर दूर होतात, आणि माती लाल.

अलोऱ्याला काका राहायचे, प्रकल्पाच्या वसाहतीत. ते पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर होते. काकू सकाळीच घावन करायला बसलेली असायची. आमचे डबे आणि तिचे घावन अशी अदलाबदल व्हायची. काका दर वेळी मला पेन्सिलनं आकृती काढून दाखवायचे, आणि त्यातच मला माझ्या गावच्या नदीची खरी गोष्ट समजली. धरणात अडवलेलं कोयनेचं पाणी सगळं पूर्वेला जात नाही. बरंचसं बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात येऊन पडतं. चाकं फिरवून झाली की तेच पाणी बाहेर येऊन वाशिष्ठीला मिळतं. असं पश्चिमेला वळवायला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं ठरवून दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. चिपळूणजवळ वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते ती त्या पाण्यामुळं. आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. गुहागरपासून अगदी जवळ, उत्तरेला.

एका वर्षी काकांनी ही आकृती आज्जीपुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळली. काका म्हणाले, "आई, तुझ्या गावावरचं पाणी माझ्या मशीनमधनं जातंय बघ." तिनं घावनाचा तुकडा ताटात ठेवला आणि विचारलं, "आन् फुडं कुटं?"

"समुद्राला. गुहागरच्या बाजूला."

तोवर ती येत होती ती पोरांबरोबर, सांभाळायला. त्या वर्षीपासून कुणी बेत काढायच्या आधी तीच विचारायला लागली, औंदा गुहागरला कवा जायचं. शेजारणीनं एकदा तिला टोकलं, या वयात समुद्रावर काय करायचंय. आज्जी म्हणाली, "माझ्या म्हायारावरनं पाणी गेलंय तकडं. बगाय नको?"

चिपळूणला एसटी स्टँडजवळ चहा, वाशिष्ठीच्या पुलावर आज्जीचं हात जोडणं, आणि मग उरलेला चढउताराचा रस्ता. तो रस्ता मला लांब वाटायचा, कारण शृंगारतळीपासूनच भावाची "दिसला का, दिसला का" सुरू व्हायची. मधे काही वर्षं त्या रस्त्यावर प्रचंड ट्रेलर असायचे, एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या कामाचे. आण्णा गाडी शोल्डरला घेऊन थांबायचे आणि आम्ही चाकं मोजायचो. ती कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. चाकांची आठवण राहिली.

गुहागरात गाडी व्याडेश्वराच्या देवळाजवळ लावायची, दर्शन घ्यायचं, आणि मग नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या पाखाडीनं चालत जायचं. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, पायाखाली ओलसर सावली, आणि आवाज आधी ऐकू येतो. मग सुरूची झाडं, आणि त्यांच्यापलीकडं एकदम सगळं उघडं. उत्तर-दक्षिण सरळ पसरलेला कित्येक किलोमीटरचा किनारा. तेव्हाच्या चौपाटीवर भेळेच्या दोन-चार गाड्या, नारळपाणीवाला आणि आमच्यासारखीच घाटावरून आलेली काही कुटुंबं, एवढंच असायचं. पोरं चपला टाकून धावायची. पुरुष विजारी दुमडून गुडघाभर पाण्यात. आई आणि अलोऱ्याहून बरोबर आलेली काकू मात्र सुरूखाली सतरंजीवर डबे राखत बसायच्या. आई खटाव तालुक्यातली, दुष्काळी गावची. तिनं पहिला समुद्र लग्नानंतर इथंच पाहिला. दुपार कलली, पुरुष भेळ आणायला गेले की दोघी एकमेकींकडं बघायच्या, निऱ्या वर खोचायच्या आणि पाण्यात शिरायच्या. एक लाट आली की आई काकूचा दंड धरायची आणि मोठ्यानं हसायची. ते हसणं घरी कधी ऐकू येत नसे. मला ते इतकं आवडायचं की मी मुद्दाम भेळेला न जाता मागं राहायची.

आज्जी पाण्यात फार जायची नाही. कमरेच्या पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढायची, लाट पायाशी आली की वाहायची. मग उत्तरेकडं, दाभोळच्या बाजूला तोंड करून बराच वेळ उभी राहायची. मी एकदा विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "मागायचं काय? बरी पोचलीस न्हवं, असं इचारलं."

परतीचा घाट रात्री चढायला लागायचा, आणि फियाटची खरी परीक्षा तिथं. तापलेल्या इंजिनात पेट्रोल पंप रुसायचा. आण्णा कडेला घ्यायचे, भाऊ चाकामागं दगड लावायचा, मी ऑइलच्या रिकाम्या कॅनमधलं पाणी फडक्यावर ओतायची आणि आण्णा ते ओलं फडकं पंपावर गुंडाळायचे. रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडायचं नाही, वाफ अंगावर येते. मग अंधारात, डोंगराला टेकून, उरलेलं धपाटं खात सगळे उभे. तिथं घाई कुणालाच नसायची. घरी पोचल्यावर उद्याचं दुकान, शाळा, धुणं, सगळं वाट बघत असायचं, आणि त्या वळणावर ते कुणालाच आठवत नसे.

आज्जी जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. काका निवृत्त होऊन पाटणला परतले. चिपळूणच्या ज्या टपरीवर आम्ही चहा प्यायचो ती जुलै २०२१ च्या पुरात बुडाली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती, आणि खाली चहा उकळत होता. मालकानं आण्णांना ओळखलं. पैसे घेईना.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याहून गाडी घेऊन आले आणि आई-आण्णांना त्याच रस्त्यानं नेलं. गुहागरला न थांबता पुढं धोपाव्यापर्यंत गेलो आणि दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवली. आज्जीच्या वेळी ही फेरीबोट नव्हती, नाहीतर तिला या पाण्यावर आणलं असतं. खाडी तिथं चांगली रुंद आहे, मुखाशी समुद्र दिसतो आणि अंजनवेलच्या बाजूला गोपाळगडाचा डोंगर. आण्णा आता ऐंशीला टेकलेत. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि बोटीवरच्या पोराला कोयनेचं पाणी इथं कसं येतं ते समजावून सांगायला लागले, काकांची आकृती तळहातावर बोटानं काढत. त्या पोराला ते माहीत नव्हतं. तो रोज या पाण्यावर ये-जा करतो, त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि दोन प्रश्नही विचारले.

परत आल्यावर आण्णांनी सोलापूरला फोन लावला. मामांच्या, म्हणजे आज्जीच्या भावाच्या नातवाला. त्यांच्या घरातल्या बऱ्याच जणांनी अजून समुद्र पाहिलेला नाही, आणि धरणही नाही. दिवाळीनंतर यायचं ठरलंय, लहान-मोठी मिळून दहा-बारा माणसं. टेम्पो ट्रॅव्हलर बघायला सांगितलीय. आण्णांची अट एकच आहे, ड्रायव्हरशेजारची सीट त्यांची, आणि हेळवाकला गाडी हळू करायची.