गार इंजिन आणि माळावरची शिकवणी

मातीवर मोटारसायकल चालवायला शिकायचे असेल, तर कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीच शिकावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला धरून बसते आणि मडगार्डखाली तिचा लगदा होतो. उन्हाळ्यात माळावर फुफाटा उडतो आणि पारा 37-38 अंशांवर गेला की हेल्मेट, जॅकेट आणि गुडघ्यांची कवचे घालून फार वेळ तग धरवत नाही. थंडीत मुरुमामध्ये दवाचा बेताचा ओलावा असतो आणि टायरला त्यात चांगली पकड मिळते. याहून मोठे कारण इंजिनाशी संबंधित आहे. फोर-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या चार हालचालींत एकदा ताकद देणारे, इंजिन गार असताना त्याच्या आत काय चालले आहे ते हाताला आणि पायाला कळते. एकदा ते तापले की नवशिक्याच्या बऱ्याच चुका ते पोटात घालते, आणि म्हणून त्या सुधारतही नाहीत.

माझी गाडी म्हणजे हीरोने 2011 साली बाजारात आणलेली दीडशे सीसीची इम्पल्स, तीही वापरलेली घेतलेली. केवळ मातीसाठी बनवलेल्या डर्ट बाईकला रस्त्याचे पासिंग नसते, त्यामुळे ती टेम्पोत घालून न्यावी लागते. इम्पल्स मात्र घरातून चालवत नेता येते, आणि माझ्यासारख्या नोकरदार माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे. पन्हाळ्याच्या रस्त्याला केर्लीच्या पुढे एका परिचित शेतकऱ्याचा पडीक माळ आहे, तिथे त्यांच्या परवानगीने आमचा सराव चालतो. शिकवतात ते शिवाजी उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीतले एक मेस्त्री. त्यांचे उभे आयुष्य इंजिने उघडण्यात गेले आहे.

उद्यमनगर म्हटले की फाउंड्री आणि ऑइल इंजिने आलीच. या धंद्याची इथे पायाभरणी करणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही आदराने घेतले जाते. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना डीकॉम्प्रेशनचा खटका आठवत असेल. तो उचलला की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, दाब साठत नाही, फ्लायव्हील सहज फिरू लागते, आणि पुरेसा वेग आला की खटका सोडायचा. मोठ्या फोर-स्ट्रोक डर्ट बाईकमध्ये हेच काम कॅमशाफ्टवरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरची) एक लहानशी योजना आपोआप करते. माझ्या गाडीला सेल्फ-स्टार्टचे बटण आहे, तरी मेस्त्रींनी मला पहिल्यापासून किकच मारायला लावली, कारण थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो आणि माळावर बटण दगा देण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. "गडबड नको सर. पायाला दाब लागला की थांबा, तो जरासा ओलांडा, किक वर येऊ द्या आणि मग मारा," असे ते सांगतात. चार स्ट्रोकमध्ये, म्हणजे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमध्ये, इंजिनाला ताकद एकदाच मिळते. तो दाबाचा टप्पा पायाने शोधता आला की ताकद न लावताही गाडी सुरू होते. हे पायाला नेमके जाणवले त्या दिवशी मला झालेला आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे.

चोकचेही तसेच आहे. 14-15 अंशांच्या हवेत पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून चोकचा खटका ओढून मिश्रण घट्ट करावे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवावे लागते; पण त्याच वेळी थ्रॉटल (उजव्या हाताची मूठ) पिळला, तर हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधली ओढ कमी होते आणि चोकचा उपयोग राहत नाही. म्हणून किक मारताना मूठ बंद ठेवायची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्याचाही यात वाटा आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, शिवाय त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आणखी पातळ पडते. परिणामी चोक थोडा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. ज्या पाणंदीतून आम्ही माळावर जातो तिच्या दोन्ही अंगांना ऊसच उभा असतो, आणि इथेनॉलचा एक भागही त्याच उसाच्या मळीतून आणि रसातून येतो, याचे मला राहूनराहून कौतुक वाटते.

इंजिन सुरू झाल्यावर लगेच रेस देणे मेस्त्रींना मुळीच खपत नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. गार ऑइल जाड असते, ते वर कॅमपर्यंत पोहोचायला वेळ घेते. ॲल्युमिनियमचा पिस्टन भोवतीच्या लोखंडी लायनरपेक्षा लवकर फुगतो, त्यामुळे गार इंजिनावर एकदम भार टाकला तर दोघे एकमेकांना घासतात. ऑइलच्या डब्यावरच्या 10डब्ल्यू-30 या आकड्यातला पहिला भाग थंडीतल्या प्रवाहीपणाचा असतो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेडच घालावा. चोक हळूहळू आत सारत, मूठ सोडल्यावर इंजिन स्थिर आवाजात चालू राहते का ते ऐकायचे, आणि मगच गिअर टाकायचा.

चोक अर्धवट ओढलेला असताना मैदानात उतरू नये, याचे कारण प्रत्यक्ष उतारावर कळते. फोर-स्ट्रोकची मोठी देणगी म्हणजे इंजिन ब्रेक: पहिल्या गिअरमध्ये मूठ सोडली की इंजिनच गाडीला मागे धरते आणि मागचा ब्रेक जेमतेम दाबावा लागतो. चोकमुळे इंजिनाचे फेरे वाढलेले असतील तर ही पकड ढिली पडते आणि गाडी आपल्याला पुढे रेटत नेते. उलट, चोक लवकर आत ढकलला तर संथ वळणावर मूठ सोडताच इंजिन बंद पडते, आणि वळणात बंद पडलेली गाडी एका पायावर तोलणे कोणालाच सोपे नसते. क्लच अर्धा धरून, अगदी चालण्याच्या वेगाने आठाचा आकडा काढण्याचा सराव आम्ही म्हणूनच इंजिन नीट तापल्यावर करतो.

गारठ्यात शरीरालाही वेळ द्यावा लागतो. वाऱ्यावर बोटे बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातो आहे तेच कळत नाही, म्हणून जाड हातमोज्यांपेक्षा वारा अडवणारे पण पातळ हातमोजे बरे. पायखुंट्यांवर उभे राहून, गुडघ्यांनी टाकी आवळून, कोपर बाहेर काढून काही फेऱ्या शांतपणे मारल्या की अंग मोकळे होते. तोवर फोर्कमधले (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधले) गार ऑइलही सैल होते आणि पुढचे चाक दगडांवरून आपटत जाण्याऐवजी वरखाली होऊ लागते. टायरची हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवावी, पण ट्यूबच्या टायरमध्ये फार कमी केली तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते. हवा नेहमी गार टायरमध्ये मोजावी, आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा भरावी.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर कृपया गाड्या नेऊ नका. जांभ्या खडकावर तिथे मातीचा पातळ थर असतो, पावसाळ्यातली सगळी रानफुले त्या थरावरच उगवतात, आणि एका चाकाने ओरबाडलेली जागा भरून यायला फार काळ जातो. सरावासाठी पडीक रान, मालकाला विचारून, हेच योग्य.

सध्या मी चाकोरी शिकतो आहे. उसाच्या ट्रॅक्टरांनी पाणंदीत पाडलेल्या खोल चाकोऱ्या पाटाच्या पाण्याने मऊ होतात आणि थंडीत सकाळी वरून कडक, आतून निसरड्या असतात. चाक त्यात शिरले की हँडल लढवायचे नाही, नजर पुढच्या चाकावर न ठेवता चाकोरी जिथे संपते तिथे ठेवायची, आणि मूठ एकसारखी उघडी राखायची. गेल्या रविवारी दुसऱ्या गिअरमध्ये बांधापर्यंत सलग जाता आले. येताना मात्र समोरून उसाची ट्रॉली आली, तेव्हा गाडी बांधावर चढवून वाट द्यावी लागली. मेस्त्रींच्या मते आता तेही शिकायला हवे, म्हणून येत्या रविवारी चाकोरीतून चालत्या गाडीने बाहेर निघण्याचा सराव ठरला आहे.